ओल्या राबाचा धूर

माहीमच्या आमच्या वाडीत धूर झाला की सगळे डोळे चोळत घरात पळायचे आणि आमचा दिनानाथ घरातून बाहेर पळायचा. माहीम म्हणजे पालघरजवळचं माहीम, मुंबईतलं नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी मला राग येतो.

दिनानाथ माझा मधला भाऊ. थोरला आत्माराम वाडी बघायचा. पानवेली, केळी, नारळ, विहिरीचं पाणी, सगळं त्याच्या डोक्यावर. मी मंदा, सगळ्यांत धाकटी, मराठी शाळेत शिकवायची. आणि मध्ये हा दिनानाथ, ना वाडीतला ना शाळेतला. अकरावीनंतर तो पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागला. बेडूक मोजून द्यायचे, काचा धुवायच्या, बरण्यांत औषध भरायचं, हे त्याचं काम. लग्न केलं नाही. मुली बघायला नेलं की तो मुलीच्या घरच्या चुलीकडे बघत बसायचा, असं आत्माराम सांगायचा. त्यात थोडं खोटं असेल, पण फार नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमधली गोष्ट. आत्मारामनं केळीच्या सुक्या पात्यांचा ढीग पेटवला होता. दिनानाथ कॉलेजातून येत होता. धुरापाशी थबकला तो थबकलाच. धुरात काळे ठिपके नाचत होते. मला ते राखेचे कण वाटले. तो म्हणाला, "राख वाऱ्याबरोबर जाते मंदा. हे जात नाहीत, बघ." आणि खरंच, वारा आला की धूर वाकायचा, ठिपके मात्र थोडे मागे सरून पुन्हा धुरात शिरायचे. त्यानं रुमाल फिरवला. रुमालात तिळाच्या दाण्याहून लहान अशी एक काळी माशी होती.

आता विचार करा. धुराला डास पळतात, मधमाश्या पळतात, माणसंही पळतात. आणि ही एवढीशी माशी धूर शोधत येते. येते कुठून? विस्तव विझला की जाते कुठं? दिनानाथनं वाडीतली पानं न् पानं उलटी करून बघितली, गोठा बघितला, विहिरीची कपार बघितली. धुराशिवाय ती माशी त्याला कुठंच दिसली नाही. पुन्हा काडी ओढून पाचोळा पेटवला की पाच-दहा मिनिटांत हजर. "जणू आपल्याला दिसत नाहीत पण इथंच असतात," तो म्हणायचा आणि विझलेल्या विस्तवाच्या वर बघत बसायचा. त्याची ती नजर मला आवडायची आणि तिचा रागही यायचा. जेवायला वाढलेलं असायचं.

मलमलीच्या जुन्या लुगड्याची त्यानं जाळी शिवून घेतली, माझ्याकडूनच. काचेच्या नळीला रबराची नळी जोडली. एका टोकानं तोंडानं ओढायचं, माशी नळीत येते, मध्ये कापडाची चकती असते म्हणून तोंडात जात नाही. कधी चकती सरकायची. मग तो खोकत, थुंकत घरात यायचा. आईला बरेच दिवस वाटत होतं की पोरगा चोरून विड्या ओढतो.

सगळ्या धुरांना त्यानं संधी दिली. दातिवऱ्याला मासळी भाजत होते तिथं गेला. एकदा रजा टाकून बोईसरला गेला आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर धुराड्याकडे बघत उभा राहिला. चौकीदारानं विचारलं, "क्या चाहिए?" हा म्हणाला, "मक्खी." चौकीदारानं बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि त्याला बसायला स्टूल दिलं. माशी काही आली नाही. तारापूरच्या अणुकेंद्राला तर धूरच नव्हता, तिथं याचा जीव रमला नाही.

शेवटी त्याला धूर सापडला तो राबाचा. एप्रिलमध्ये तो गाडीनं डहाणूकडे चालला होता. वाणगाव आलं आणि पूर्वेच्या डोंगरउतारावर निळ्या धुराच्या पट्ट्या दिसल्या, एकाशेजारी एक. हा उतरला. तिकीट पुढचं होतं, तरी उतरला. दोन तास चालून चिंचपाड्याला पोचला.

भाताचं रोप करायच्या जागेवर शेण पसरतात, त्यावर सुकवलेला टहाळ, म्हणजे छाटलेल्या पाल्याच्या फांद्या, त्यावर गळलेल्या पानांचा पातेरा आणि गवत, वर माती भुरभुरतात आणि पेटवून देतात. हाच राब. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि रोप एकटं वर येतं. पेटवायचाही वाऱ्याच्या उलट अंगानं, म्हणजे आग धावत नाही, खात खात हळू पुढे येते. त्या हळू आगीचा धूर दिनानाथनं बघितला आणि त्यात माश्यांचा एवढा मोठा खांब नाचत होता की त्यानं चालता चालताच पिशवीतून जाळी काढली.

तो राब नवसीचा होता. नवसी वारली समाजाची, पदरात एक मुलगी, जिवली. नवरा कधीच गेलेला. उतारावरचा एक तुकडा, तोही पावसावरचा. पाड्यातली निम्मी घरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायची, कुणी वैतरण्याच्या बाजूला, कुणी भिवंडीकडे. नवसी जात नसे. नवरा असताना ती एकदा गेली होती आणि भट्टीवरच तिचं तान्हं मूल गेलं होतं. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं की आपल्या तुकड्यातलं भात वर्षभर पुरवायचं, कमी पडलं तर कंद खायचे, पण भट्टी नाही. हे तिनं दिनानाथला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

तिनं त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा हा धुरात जाळी धरून उभा, डोळ्यांतून पाणी, तोंडात नळी.

"काय करतोस रं?" तिनं विचारलं.

"माश्या धरतोय."

"गुरांकडं जा. तिकडं लय हायती."

"धुरातल्याच पाहिजेत."

"खातोस?"

"नाही, बघतो."

नवसीनं कमरेवर हात ठेवून थोडा विचार केला. "बग मंग," ती म्हणाली आणि ठिणग्या झोडपायची आपली फांदी घेऊन आगीच्या कडेला गेली. कुठून आलास म्हणून जिवलीनं विचारलं, तेव्हा यानं कॉलेजातून म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून पाडाभर तो मास्तर झाला. मी मास्तर नाही, बरण्या धुतो, हे त्यानं तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कोणी मास्तर म्हटलेलं कुणाला नको असतं?

मग दर एप्रिलला तो तिथं जाऊ लागला. एका वर्षी मीही गेले. मला ते दृश्य अजून तसंच्या तसं दिसतं. सकाळचं ऊन धुरात शिरून दुधट झालेलं. पलीकडची जिवली अर्धी दिसते, अर्धी नाही. आवाजही जाड कापडातून आल्यासारखे. आणि डोक्याच्या थोड्या वर त्या माश्या, आवाज न करता, वर-खाली, वर-खाली. दिनानाथ म्हणाला, "डोळे अर्धे मिट, मग जास्त दिसतात." मी मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटलं आपण उभ्या नाही, कुठंतरी हलके हलके तरंगतोय, आणि खाली कुठलंही गाव नाही. मग ठसका लागला आणि गाव परत आलं. पण तेवढ्या वेळापुरतं मला भावाचं सगळं पटलं होतं, हे मी कबूल करते.

कॉलेजातली मुलं घरी गेली की तो तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली माश्या बघायचा. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, त्यांत स्पिरिट, आत माशी, बाहेर चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव, तारीख, कशाचा धूर, धरणाऱ्याचं नाव. प्राध्यापकांनी त्याला पुण्याच्या एका संशोधकांचा पत्ता दिला. त्या साहेबांनी माश्या बघून कळवलं की या सगळ्या नर आहेत. नराचे डोळे एवढे मोठे की माथ्यावर एकमेकांना चिकटतात, मादीच्या दोन डोळ्यांत फट असते. धुरात नाचतात ते नर, मादी क्वचित येते. आपल्या भागातली मादी त्यांच्याकडे नाही. मिळाली तर पाठवावी.

झालं. तेव्हापासून आमच्या घरात त्या मादीची वाट बघणं सुरू झालं. आत्माराम मला म्हणायचा, "माणसातली नको म्हनाला, आता ही बगतोय." बारा वर्षं, साठ-पासष्ट बाटल्या. सगळे नर. दिनानाथचे केस पिकले, डोळे कायमचे लालसर झाले. नवसीला त्यानं मादीची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "ती घरी असल. तिला काय काम हाय धुरात नाचायला?" आणि हसत सुटली. पण दर वर्षी तो आला की पहिला प्रश्न तिचा असायचा, "गावली का रं तुझी बाई?" हा मान हलवायचा. तीही मग हसणं थांबवून आपली फांदी उचलायची.

शहाऐंशी साली त्याच्या डोक्यात आलं की राबाचा धूर लवकर संपतो. वाळलेला टहाळ तासा-दीड तासात जळून जातो. मादी उशिरा येत असेल तर? धूर दुपारपर्यंत टिकला तर? हिरवा पाला घातला की धूर टिकतो, हे चुलीजवळ बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण हिरव्या पाल्यानं राब नीट भाजत नाही. हेही त्याला ठाऊक होतं, बारा वर्षं बघत होता.

तरी तो नवसीला म्हणाला, "बाई, ओला पाला घातला की राख चांगली होते. पुस्तकात आलंय."

माझ्या भावानं आयुष्यात एवढं एकच खोटं बोललेलं मला माहीत आहे, आणि ते नेमकं तिथं बोलला.

नवसी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येका कोपऱ्याला घाल. बाकीचा कोरडा ऱ्हाऊ दे." आणि निखारे आणायला घराकडे गेली. यानं सकाळपासून ऐनाचा हिरवा पाला तोडून ठेवला होता, एका कोपऱ्याला लागेल त्याच्या चौपट. कोपरा झाला. हातात पाला उरला होता. घर लांब होतं. त्यानं तो सगळ्या राबावर पसरला आणि वरून माती टाकली. आग आवरायला भरून ठेवलेले दोन हंडे होते, तेही शिंपडले. एप्रिलमध्ये ते पाणी किती लांबून डोक्यावर आलं होतं, त्याचा विचार त्याला तेव्हा शिवला नाही. नवसी आली, खाली राबाकडे बघितलं, वर त्याच्या तोंडाकडे बघितलं. निखारे ठेवले आणि फुंकर घातली.

धूर उठला तो पांढरा, दाट, जमिनीलगत सरपटणारा. दुपार झाली तरी उठतच होता. माश्या एवढ्या की हात घातला तर हाताला लागाव्यात. आणि दुपार कलता कलता त्या नाचात वरून एक माशी सरळ खाली आली. नाचली नाही. सगळ्यांच्या मधून वाट काढत आली आणि एका काटकीवर बसली. दिनानाथनं नळी लावली. खिशातलं भिंग काढून बघितलं. दोन डोळ्यांच्या मध्ये फट होती.

तो मोठ्यानं हसला. एकटाच, धुरात उभा राहून, किती तरी वेळ. जिवली घाबरून आईजवळ गेली.

मे गेला, जून गेला. सूक्ष्मदर्शकाखालीही ती मादीच ठरली, ही बातमी नवसीला सांगायला म्हणून जुलैच्या एका रविवारी तो चिंचपाड्याला गेला आणि तिच्या रोपाच्या जागेपाशी उभा राहिला. इतरांची रोपं हिरवीगार, एकसारखी. नवसीच्या जागेत रोपापेक्षा तण जास्त. नवसी आणि जिवली उकिडव्या बसून एकेक काडी निवडत होत्या, भात कोणतं आणि गवत कोणतं. लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात. लावणीच्या अर्ध्या जमिनीला पुरेल एवढंही रोप निघत नव्हतं.

"यंदा पाऊस वाईट व्हता," नवसी म्हणाली. पाऊस सगळ्यांवर तोच पडला होता.

त्याला तिथं खरं बोलता आलं नाही. घरी आला तो आजारी असल्यासारखा. मग त्यानं आत्मारामच्या शेतातली रोपं मागितली. आत्माराम ओरडला, पण द्यायला तयार झाला. नंतर त्यालाच सुचलं म्हणून म्हणाला, "पन आपलं गरवं भात हाय, दिना, उशिरा पिकतं. डोंगरावर पानी टिकत नाय, ते पिकायच्या आत वाळंल. तिकडं लवकर येनारं हळवंच लागतं." म्हणजे तीही वाट बंद. ऑगस्टमध्ये त्यानं मादी पुण्याला पाठवली. बाटलीवरच्या चिठ्ठीत धरणाऱ्याचं नाव लिहायच्या जागी स्वतःचं नाव खोडून 'नवसी' लिहिलं. त्यानं काय होणार होतं? काहीच नाही. पण त्याचा हात दुसरं लिहायला तयार होईना, असं तो म्हणाला.

दिवाळीनंतर तो पुन्हा गेला. शेजारच्या म्हाताऱ्या सुकानं सांगितलं, "नवसी गेली भट्टीवर. वैतरण्याला. पोरीला घेऊन गेली."

मी आजवर दिनानाथला तीनदा रडताना पाहिलंय. आई गेली तेव्हा, बाबा गेले तेव्हा, आणि त्या संध्याकाळी पडवीत. मला त्याचा इतका राग आला होता की मी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही. मग दिलं.

जानेवारीत पुण्याचं पत्र आलं. साहेबांनी लिहिलं होतं की ही मादीच आहे, नमुना उत्तम आहे, संग्रहात जपून ठेवला आहे, आणि खाली विचारलं होतं, 'संग्राहिका कु. नवसी या कोणत्या महाविद्यालयात आहेत?' ते वाचून मला हसू फुटलं. दिनानाथला फुटलं नाही. तो म्हणाला, "मला तिला सगळं सांगायचंय." मी म्हटलं, "चल, मीही येते." तो एकटा गेला असता तर वैतरणा स्टेशनावरूनच परत फिरला असता, मी त्याला ओळखून आहे.

खाडीकाठी भट्टी होती. नवसी चिखलाचे गोळे करत होती, जिवली साच्यात दाबून विटा पाडत होती. ओळीच्या ओळी. नवसीच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. आम्हाला बघून तिनं उलट्या मनगटानं कपाळ पुसलं आणि विचारलं, "मास्तर, तू हितं कुठं?"

"मी मास्तर नाही, बाई. कॉलेजात बरण्या धुतो."

"ठावं हाय. तुझ्या अंगाला औषदाचा वास येतो. मास्तराच्या नाय येत."

"मी तुला फसवलं. ओल्या पाल्यानं राख चांगली होत नाही. मला धूर पाहिजे होता."

"ते बी ठावं हाय," नवसी म्हणाली. "माझ्या आजीपासून राब जाळतो आमी. तू मना राब शिकवशील?"

दिनानाथ तिच्यासमोर चिखलात बसला. "आणि एका कोपऱ्याचं ठरलं होतं. मी सगळ्यावर घातला. पाणीही ओतलं."

नवसीनं पुढचा गोळा वळायला घेतला. "दिसलं मना. निखारं घिऊन आले तवाच दिसलं."

"मग पेटवलास का? पाला काढून टाकायला सांगायचं. मी काढला असता."

"काढला असतास," ती म्हणाली. "पन तुझं तोंड बगितलं मी. बारा वर्सं येतोस. दर वर्सी तसाच जातोस, मान खाली घालून. म्हनलं, येक साल जाळू याच्यासाठी. रोप थोडं कमी यील, कंद खाऊ. येवढं कमी यील आसं नव्हतं वाटलं." मग तिनं गोळा जिवलीकडे सरकवला. "चुकलंच माझं बी. आणि तुझा राग येत नाय आसं नको समजू. येतो. रोज येतो, हितं उठले का येतो."

हे ती ओरडून म्हणाली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दिनानाथनं पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. तिचं नाव आलं तिथं थांबला. जिवली म्हणाली, "आयचं नाव?" नवसीनं पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "त्या साहेबाला जबाब लिवशील?"

"लिहीन."

"लिव, राब कोरडाच जाळायचा."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. मग दिनानाथनं विचारलं, जे विचारायला तो आला होता ते, "यंदाचा राब कोण घालणार? टहाळ आत्ता तोडायचा असतो. तू शिमग्याला येशील, तोवर उशीर होईल. राब नाही झाला तर पुढच्या साली पुन्हा भट्टी."

"व्हय," नवसी म्हणाली. "तेच बगते मी रोज."

"मी घालतो."

तिनं त्याच्या हातांकडे बघितलं. स्पिरिटनं पांढरी पडलेली, मऊ बोटं. "सुकाला विचार, कुठला टहाळ घ्यायचा," ती म्हणाली आणि पुढचा गोळा उचलला.

त्या जानेवारीपासून मार्चपर्यंत एकही रविवार तो घरी नव्हता. ज्यानं आमच्या वाडीतली एक फांदी कधी छाटली नव्हती, तो ऐनाच्या झाडावर कोयती घेऊन चढला आणि दोनदा पडला. सुका खाली बसून त्याला शिव्या घालायचा. झाड बोडकं करू नको, शेंडा ठेव, एवढं जाड लाकूड नको, ते जळत नाय. शेणाच्या पाट्या त्यानं डोक्यावर वाहिल्या. घरी आला की मी हातांना खोबरेल लावायची आणि बोलायची. आत्मारामनं त्याला आपली चांगली कोयती दिली. पुण्याच्या साहेबांना त्यानं उत्तर लिहिलं, मला दाखवून लिहिलं, 'संग्राहिका शेती करतात. त्यांचं म्हणणं आहे की राब कोरडाच जाळावा.' त्यावर उत्तर आलं नाही.

शिमग्याला नवसी परतली. राबापाशी गेली, खाली बसली, हात घालून थर उलटला. "हितं पातेरा कमी," ती म्हणाली. "ह्या अंगाला शेण लागलं नाय." दिनानाथनं पुन्हा सगळं काढलं, पुन्हा घातलं. दुसऱ्यांदा तिनं बघितलं आणि उठून घराकडे गेली, म्हणजे बरं होतं.

एप्रिलमध्ये पेटवला तेव्हा मी गेले होते. जाळी आणि नळी मीच पिशवीत घालून नेली होती, कारण त्याला आठवण राहिली नव्हती. कोरडा राब. आग एका अंगानं हळूहळू खात येत होती, धूर पातळ, निळा. दिनानाथ हातात पानांची फांदी घेऊन कडेनं फिरत होता, ठिणगी बाहेर पडली की झोडपत होता. माश्या आल्या. त्याच्या डोक्यावर नेमक्या खांब करून नाचू लागल्या.

"मास्तर," नवसीनं हाक मारली, "आल्या बग तुझ्या."

"येऊ देत," तो म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती. "त्या कोपऱ्यात अजून नीट जळलं नाही."

मी धुरात जाऊन उभी राहिले आणि डोळे अर्धे मिटले. त्याच्या वाटणीचं थोडा वेळ मीच बघून घेतलं.

जुलैत त्यानं मला रोपं दाखवायला नेलं. तणाची काडी नव्हती. तो वाफ्याच्या कडेकडेनं तीनदा फिरला. भात पिकलं की नाही ते मात्र तो मला सांगेना, सांगितलं तर दृष्ट लागेल असं काहीतरी त्याच्या मनात होतं. कॉलेजात एवढी वर्षं काढूनही.

दिवाळीची सुट्टी संपली. पुढच्या रविवारी तो पहाटेच्या गाडीनं गेला आणि दुपारी जेवायच्या वेळेला परत आला. केसांत भाताचा कोंडा, सदऱ्याला तूस. मी ताट वाढत होते. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"पाखडत बसली होती, मंदा," तो म्हणाला. "मला म्हणाली, बरा आलास, हे सूप धर." आणि मग चप्पल काढायचंही विसरून त्यानं पुन्हा सांगितलं, "ती गेली नाही गं. घरीच आहे."